भिंतीवर टांगलेला पुढचा शाफ्ट

उंच केलेला ट्रक घेऊन कुणी माझ्या गॅरेजच्या दारात आला, की मी आधी त्याच्या मागच्या हुकाकडे बघतो. हुक चकचकीत असला तर साहेबांना गावातून मिरवायचंय एवढंच. त्यांना हवे ते टायर घालायचे, तोंड बंद ठेवायचं. हुक घासून पांढरा पडला असेल तर मात्र मी खुर्ची पुढे करतो. हा माणूस खरोखर काहीतरी ओढतो, आणि त्याला आता जे सांगायचंय ते त्याला आवडणार नाही.

ट्रक उंच केला की मोठे टायर आलेच. मोठा टायर एका फेरीत जास्त रस्ता कापतो, म्हणजे इंजिनाचा जीव तितका जास्त निघतो. सपाटीवर ज्या गिअरवर सायकल मारता त्याच गिअरवर घाट चढून बघा, कळेल. त्यात मागे ट्रेलर. मग एक्सलच्या पोटातलं क्राऊन-पिनियन बदलावं लागतं, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी जोडी. ती मागचीही बदलायची आणि पुढचीही, एकाच मापाची. नाहीतर फोर-व्हील टाकलं की पुढची चाकं एका हिशेबानं फिरायला बघतात, मागची दुसऱ्या, आणि मधल्या मधे काहीतरी मोडतं. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. ऐकतो कोण? निम्मं गाव मागचं बदलून घेतं आणि पुढचं ‘पुढच्या आठवड्यात’. असल्यांच्या गाडीचा पुढचा शाफ्ट मी काढूनच घेतो, म्हणजे फोर-व्हील टाकलं तरी पुढे ताकद जातच नाही. तो भिंतीवर हुकाला टांगतो, वर खडूनं नाव लिहितो. एक शाफ्ट अजून लटकतोय, त्याचा मालक नेव्हाडात जाऊन दुसरं लग्न करून बसलाय.

पण मला सांगायचंय ते माझ्या मेव्हण्याबद्दल. थेन त्याचं नाव, माझ्या थोरल्या बहिणीचा, लारूचा, नवरा. वायोमिंगच्या आमच्या या कोपऱ्यात थेनला ओळखत नाही असा माणूस नसेल, आणि त्याच्याशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललेला माणूसही नसेल. उन्हाळाभर मेंढ्या डोंगरावर असतात, त्यांच्याबरोबर एकटा मेंढपाळ असतो, आणि तो राहतो वॅगनमध्ये. वॅगन म्हणजे चाकांवरची खोली, पत्र्याचं गोल छप्पर, आत एक पलंग नि एक चूल. मेंढ्यांनी एका ठिकाणचं गवत संपवलं की वॅगन पुढच्या ठिकाणी ओढून न्यायची, आणि दर गुरुवारी मेंढपाळाला पाणी, किराणा, कुत्र्यांचं खाणं पोचवायचं. मेंढ्या दुसऱ्याच्या, पण थेनचं आयुष्य या कामात गेलं. रस्ता म्हणाल तर दगडांत उमटलेल्या दोन चाकोऱ्या. म्हणून त्याचा ट्रक उंच. त्याला मिरवायचं असतं तर निदान कधीतरी धुतला असता.

त्याचा मेंढपाळ फाउस्तिनो, पेरूचा. आपल्या डोंगरातून उठून आमच्या डोंगरात यायचं आणि बर्फ पडायच्या आत परत जायचं, असं करता करता त्याचंही वय झालं. थेनला स्पॅनिश येत नाही, फाउस्तिनोला इंग्रजी जेमतेम. पाणी, मीठ, कोल्हे, लंगडी मेंढी, एवढ्या शब्दांत दोघांनी सगळी वर्षं काढली. आणि कॉफी. आमच्या चर्चमध्ये कॉफी वर्ज्य आहे. थेन रविवारी पहिल्या बाकावर बसणारा माणूस, पण गुरुवारी वॅगनमध्ये बसून दोन पेले प्यायचा आणि उतरताना पुदिन्याच्या गोळ्या चघळायचा. लारूला हे लग्नानंतर वर्षभरात कळलं होतं. ती म्हणायची, माझा नवरा आठवड्यातून एकदा पुदिन्यासारखा वास मारत घरी येतो, याचा अर्थ मला कळत नाही असं त्याला वाटत असेल तर वाटू दे.

लारूचं एकच मागणं होतं, त्यानं आता थांबावं. आदल्या शरदात वॅगन सोडवताना ती घरंगळली आणि थेन तिच्या आणि झाडाच्या मधे सापडला. बरगड्या मोडल्या. तशाच मोडक्या बरगड्यांनी ट्रक चालवत तो खाली आला आणि तिला म्हणाला, जरा लचकलंय. तो त्या डोंगरावर मरणार आणि आपल्याला शुक्रवारी कळणार, असं ती मला म्हणाली होती. तिचं स्वतःचं कंबरेचं हाड झिजलेलं, जिना चढताना कण्हते. घरी दोन माणसांनी एका टेबलावर रोज जेवावं, एवढंच तिला हवं होतं. थेननं कबूल केलं, हा एक उन्हाळा, मग बस्स.

आणि मे महिन्यात त्याचा जुना ट्रक कायमचा बसला.

त्यानं दुसरा आणला, कुठल्यातरी शहरी माणसाचा, आधीच उंच केलेला. त्यावर टायर होते ते बघून मला हसू आलं. रुंद, पसरट, रिमा अशा चकाकणाऱ्या की त्यात बघून दाढी करावी. थेन त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “हे काढ. लाज वाटते.” त्याला काय हवं ते त्याला पक्कं माहीत होतं. उंच पण अरुंद टायर, चिखलात नि बर्फात तरंगायच्या ऐवजी खाली रुतून जमीन धरणारे, आणि दहा प्लायचे, दहा थरांइतके दणकट, म्हणजे दगडानं बाजू फाटत नाही आणि वॅगन नि पाण्याची टाकी ओढताना टायर बसत नाही. गिअरही त्यानं बरोबर मागितला, घाटात इंजिन रडणार नाही असा. मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शहाणा गिऱ्हाईक म्हणून आला.

नेमकी तेव्हाच लारू आली, माझ्यासाठी रूबार्बचे आंबट देठ भरून भाजलेली गोड पेस्ट्री घेऊन. खुर्चीत बसली, सगळं ऐकलं, आणि अगदी सहज विचारल्यासारखं मला विचारलं, “हे टायर किती उन्हाळे चालतात रे?”

माझी जीभ म्हणजे काय सांगू. मी म्हटलं, थेनच्या हातात? सहा तरी.

तिनं थेनकडे बघितलं. थेननं टोपी काढली, आत काहीतरी शोधलं, परत घातली. मग मला म्हणाला, नवे नकोत, मागे ते जुने पडलेत ना, कुणीतरी काढून दिलेले, ते घाल. एक उन्हाळा निघतील. मी म्हटलं, आणि गिअर? तो म्हणाला, मागचं कर, मेंढ्या निघाल्यात, मला वेळ नाही. पुढचं पुढच्या आठवड्यात.

आयुष्यभर मी ज्यांच्या नावानं बोटं मोडली, त्या सगळ्यांसारखं बोलला तो. माझं डोकं फिरलं होतं, पण बहीण समोर. मी मागचं केलं, झिजके टायर चढवले, पुढचा शाफ्ट काढून भिंतीवर टांगला आणि वर खडूनं लिहिलं, थेन. अर्धा ट्रक बायकोसाठी आणि अर्धा डोंगरासाठी, असला प्रकार झाला तो. निघताना मी त्याला खिडकीत गाठून बजावलं की हा ट्रक आता दोनच चाकांवर चालतो, बर्फ पडलं की वर जायचं नाही. तो म्हणाला, सप्टेंबरपर्यंत कुठलं आलंय बर्फ.

त्या उन्हाळ्यात लारू दर आठवड्याला माझ्याकडे यायला लागली. कधी पाव, कधी झुकिनी, काही ना काही निमित्त. आत आली की आधी तिची नजर भिंतीवर जायची. शाफ्ट जागेवर असला की खुर्चीत बसायची, गप्पा मारायची. तिला मेकॅनिकचं काही कळत नाही, पण एवढं कळलं होतं की तो दांडा तिथे लटकतोय तोवर हा उन्हाळा शेवटचा आहे. थेन मात्र गॅरेजकडे फिरकला नाही. रस्त्यात भेटला तर म्हणायचा, येतो पुढच्या आठवड्यात. जून, जुलै, ऑगस्ट. तो थकला होता, हे मला त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. ट्रकमधून उतरताना दाराला धरून थोडा वेळ उभा राहायचा, पाय आपलेच आहेत ना हे तपासल्यासारखा.

सप्टेंबरात बर्फ पडलं. आमच्याकडे हे काही नवल नाही, पण या वेळी ओलं, जड आणि एका रात्रीत ढोपरभर पडलं, आणि सकाळ उजाडली ती गुरुवारची. मी थेनच्या घरी फोन केला. लारू म्हणाली, गेला. चाकांना साखळ्या बांधून, किराणा भरून. तिनं दारात उभं राहून सांगितलं होतं की एक गुरुवार चुकला तर तो माणूस मरत नाही. त्यावर तो म्हणाला होता, फाउस्तिनोच्या डब्यातलं पीठ मागच्या आठवड्यातच तळाला गेलं होतं.

गुरुवार गेला. तो आला नाही. वर फोन लागत नाही. शुक्रवारी सकाळी लारू माझ्या दारात उभी, अंगात नवऱ्याचा जुना कोट, पायात बूट. मी म्हटलं, तू घरी थांब, तुझी कंबर बघ. ती म्हणाली, “लामार, गाडी काढ.” लहानपणी ती मला ज्या आवाजात हाक मारायची त्या आवाजात. मी काढली.

रस्त्यावरचं बर्फ काढलेलं होतं तिथवर आम्ही आरामात गेलो. पुढे कालच्या उन्हानं बर्फ वितळून चिखल झाला होता. माझी गाडी ठेंगणी, पोट दगडाला लागायला लागलं तशी मी ती सोडली आणि चालायला लागलो. थोड्याच अंतरावर शेवटच्या चढाखाली थेनचा ट्रक दिसला. मागचं चाक नाल्यात गेलेलं, साखळी तुटून एक्सलला गुंडाळलेली, झिजक्या टायरवर चिखलाचा गुळगुळीत थर. पुढची दोन्ही चाकं घट्ट, खडकाळ जमिनीवर. त्या दोन चाकांना जराशी ताकद मिळाली असती तर ट्रक वर चढला असता. लारूनं पुढच्या चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ट्रकचा मागचा भाग रिकामा होता. पिठाचं पोतं नव्हतं. चिखलात बुटांचे खड्डे वर गेलेले दिसत होते, एकमेकांच्या अगदी जवळ. म्हाताऱ्याच्या पाठीवर ओझं असलं की पावलं अशी पडतात.

ती चढण मी जन्मात विसरणार नाही. लारू माझा दंड धरून चढली. दर थोड्या वेळानं थांबायची, तोंडानं श्वास घ्यायची, आणि मी काही म्हणायच्या आत पुन्हा निघायची. तिच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला माहीत होतं. माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं. मग वर मेंढ्यांचा आवाज आला आणि वॅगनच्या धुराड्यातून धूर दिसला.

दार उघडलं तर आत हे दोघे. थेन पलंगावर, पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळून चुलीसमोर धरलेले, चेहरा राखेसारखा. फाउस्तिनो स्टुलावर, मांडीवर थेनचे बूट घेऊन त्यांना चरबी चोळत होता. चुलीवर मटणाचा रस्सा आणि कॉफीची किटली. थेननं बायकोला बघितलं आणि पहिलं काम काय केलं, तर कॉफीचा पेला पाठीमागे लपवला.

मी बाहेर जाऊन थोडा वेळ मेंढ्या बघत उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं की हसू, मलाच कळेना. परत आत आलो तेव्हा लारू पलंगाच्या कडेला बसली होती. तिला स्पॅनिश येतं. लहानपणी आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, त्यांच्या मुलींबरोबर ती शिकली. इतक्या वर्षांत ती एकदाही इथवर आली नव्हती, त्यामुळे फाउस्तिनोशी कुणी त्याच्या भाषेत सरळ बोललंच नव्हतं. ती त्याला विचारत होती, तुला अजून किती वर्षं यायचंय बाबा?

फाउस्तिनोनं बूट खाली ठेवले. थेनकडे बघितलं, मग तिच्याकडे. तो हळूहळू बोलला आणि लारूनं ते आमच्यासाठी तसंच्या तसं सांगितलं. “सिन्योरा, मला गेल्याच वर्षी थांबायचं होतं. घरी माझी बायको आहे, तिला मी नीट ओळखतही नाही आता. पण बरगड्या मोडूनही हा थांबला नाही, म्हणून मी पुन्हा सही केली. मग जूनमध्ये हा मोठा ट्रक घेऊन आला. मी म्हटलं, याला अजून पुष्कळ वर्षं काम करायचंय. याला एकट्याला टाकून कसा जाऊ?”

थेननं पाठीमागचा पेला पुढे आणला आणि त्यात बघत बसला.

“मी ट्रक घेतला,” तो म्हणाला, “कारण मेंढ्यांचा मालक म्हणाला, फाउस्तिनोनं पुढच्या तीन वर्षांची सही केलीय.”

लारूनं हेही स्पॅनिशमध्ये सांगितलं. फाउस्तिनोनं ऐकलं आणि मान हलवली, पुन्हा पुन्हा. कुणी हसलं नाही. दोन माणसं आठवड्यामागून आठवडे एकमेकांसमोर बसली, पाणी नि मीठ नि कोल्हे बोलली, आणि दमलो म्हणून एकानंही सांगितलं नाही. मला इतका राग आला की चुलीला लाथ मारावीशी वाटली. लारूला आला नाही. तिनं हातमोजे काढले, बोटं चुलीपुढे धरली आणि फाउस्तिनोला म्हणाली, मलाही दे एक पेला त्यातला.

थेन म्हणाला, लारू, ती कॉफी आहे.

“माहितेय मला,” ती म्हणाली. “माझं लग्न झाल्यापासून माहितेय.”

प्यायली. तोंड वाकडं केलं, पण पेला रिकामा करून खाली ठेवला.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. मालकानं माणसं आणि घोडे पाठवले, मेंढ्या खाली आल्या, वॅगन आणली, ट्रक नाल्यातून ओढून काढला. दोघांनी एकत्र जाऊन मालकाला सांगितलं की आता बस्स. थेनच्या जागी ट्विला येणार असं ठरलं. ट्विला म्हणजे हिवाळाभर बर्फातून शाळेची बस हाकणारी बाई, तिला बर्फाचं काय सांगायचं. ट्रक तिनंच घेतला.

मग एके दिवशी थेन माझ्याकडे आला. ट्रक आत घातला आणि म्हणाला, पुढचं कर. आणि ते दहा प्लायचे अरुंद टायर मागव. नवे. मी म्हटलं, आता? तो म्हणाला, अर्धा ट्रक माणसाच्या हातात देऊ का? मी दोन दिवस पुढचा एक्सल उघडून बसलो, तो बाजूला बसून पाने पुढे करत होता, आणि आयुष्यभरात मिळून बोलला नसेल तितकं त्या दोन दिवसांत बोलला. बहुतेक सगळं फाउस्तिनोबद्दल. शेवटी भिंतीवरचा शाफ्ट त्यानं स्वतः उतरवला, नाव हातानं पुसलं, आणि लावायला ट्रकखाली शिरला. मी म्हटलं मी लावतो. नाही म्हणाला.

तो खाली होता, फक्त बूट बाहेर, तेवढ्यात लारू आली. हातात पाव. सवयीनं तिची नजर भिंतीवर गेली आणि तिथे नुसता हुक. ट्रकवर नवे टायर. ट्रक विकल्याचं तिला माहीत होतं, पण हे करून द्यायचंय हे त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. गप्प बसायची खोड थोडीच जाते. तिचा चेहरा पडला. पाव बाकावर ठेवून ती म्हणाली, “सहा उन्हाळे, नाही का रे?” आणि परत फिरली.

“ट्विलाचे सहा,” ट्रकखालून आवाज आला. “माझा एकही नाही.”

ती थांबली. मग आली आणि ट्रकला टेकली. खाली पाना फिरल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, झालं असेल तर बाहेर ये, जेवण निवतंय. थेन घसरत घसरत बाहेर आला, पण उठता येईना. गुडघे धरले होते. एक हात तिनं धरला, एक मी, आणि दोघांनी ओढून त्याला उभा केला.

फाउस्तिनो गेला. बसमध्ये चढायच्या आधी त्यानं वॅगनमधली काळी पडलेली किटली लारूच्या हातात दिली. थेन आता बहुतेक वेळ झोपलेला असतो. इतकी वर्षं कुठे साठवली होती ही झोप कोण जाणे. मी गुरुवारी त्यांच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरात कॉफीचा वास येतो. बिशप एकदा अचानक आले होते, तेव्हा लारूनं त्यांना सांगितलं की ती कॉफीचा चोथा टाकून सिंकचा पाइप साफ करतेय, म्हणून हा वास. मला पेला देते, थेनला देते, स्वतः अजून तोंड वाकडं करते. आणि मग आम्ही तिघे एका टेबलावर जेवतो.